तळाचे डांबर

हर्षदाने आणलेली पिशवी साड्यांच्या दुकानाची होती. तिच्यातून जेवणाच्या टेबलावर जे उतरले ते पाहून सुलभाताईंनी आधी वाळत घालायच्या पापडांचे ताट उचलले.

“अगं, खाली वर्तमानपत्र तरी घाल!”

तो रस्त्याचा तुकडा होता. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढा, चार बोटे जाड. एका अंगाने ऊनपावसाने राखाडी पडलेला, दुसऱ्या अंगाने अजून काळाभोर. वसंतराव खांबेट्यांनी चष्मा बदलला आणि तुकड्याला हात लावण्याआधी तो चारी बाजूंनी पाहून घेतला. बाहत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी आयुष्यातली छत्तीस वर्षे सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत रस्त्यांची खडी आणि डांबर तपासण्यात घालवली होती. वस्तू आधी पाहायची, मग हाताळायची आणि सर्वांत शेवटी तिच्याविषयी बोलायचे, हा क्रम त्यांनी निवृत्तीनंतरही मोडला नव्हता.

“बमरोलीचा रस्ता खणतायत, ड्रेनेजची लाइन टाकायला,” मुलगी म्हणाली. “आबांनी हा पाठवलाय. म्हणाले, खांबेटे साहेबांना दे आणि सांग, वरचं राहू द्या, तळाचं डांबर तपासा.”

“आबा कोण?”

“उखा मुकादम. मी त्यांची नात, हर्षदा. हेमराजची मुलगी.”

वसंतरावांनी हात मागे घेतला. सुलभाताईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ताट घेऊन गॅलरीत गेल्या. ते नाव या घरात अकरा वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. विसरलेही कोणी नव्हते.

उखा शिंदखेड्याकडचा. त्याच्या गावची माणसे सुरतेला आली ती पांडेसऱ्याच्या मिलांत शिरली; उखा मात्र रस्त्यावरच राहिला. चौदा माणसांची त्याची टोळी होती. डंपरने गरम माल ओतला की पेव्हर तो पसरी, माणसे दाताळ्यांनी कडा सारखी करीत आणि मागून रोलर फिरे. या सगळ्याच्या पुढे उखा उभा असे, पायात टायरच्या चपला आणि तोंडात तंबाखू. डंपरचे फाळके उघडले की तो एकदा खोल श्वास घेई आणि मालाचे तापमान सांगून टाकी. वसंतराव तोवर थर्मामीटर खुपसून बसलेले असत.

“साहेब, तुमनी काडी राहू द्या खिशात. एकशे पंचावन.”

काटा एकशे बावन्नवर थांबे, नाही तर एकशे सत्तावन्नवर.

“तीन अंश चुकलास, उखा.”

“तुमनी काडी चुकनी व्हई.”

“नाकाला युनिट नसतं बाबा,” वसंतराव म्हणत, आणि टोळीसकट सगळे हसत. तो काळ तसा बरा होता.

तेरा वर्षांपूर्वी बमरोलीच्या त्याच रस्त्यावर एका दुपारी उखाने हात वर केला. माल पलसाण्याच्या बाजूच्या एका प्लांटवरून येत होता आणि हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. वाटेत माल थंड होईल म्हणून कोणीतरी प्लांटवर आच वाढवून ठेवली होती, हे साइटवर कोणालाच ठाऊक नव्हते. फाळके उघडले तेव्हा निळसर धूर निघाला. उखाने फावडेभर माल उचलून उन्हात धरला. ताज्या मालाला असते ती चमक त्याला नव्हती. करपलेल्या गुळासारखा तो तपकिरी आणि कोरडा दिसत होता.

“हाऊ माल मरेल शे,” उखा म्हणाला. “मांगे धाडा.”

साइटवरच्या तरुण इंजिनिअरला अहिराणी कळेना. “क्या बोलता है ये?”

रोलरवर उखाचाच मुलगा हेमराज बसला होता. त्याने वरूनच भाषांतर केले, “बोलता है, माल मर गया.”

“तो अग्निसंस्कार कर दो,” इंजिनिअर म्हणाला. हशा पिकला. हेमराजही हसला.

उखा हसला नाही. तो जाऊन रोलरपुढे उभा राहिला. पंधरा मिनिटे रोलर जागचा हलला नाही. मग कोणाचा तरी फोन आला, उखाला बाजूला केले गेले आणि तोच माल दाबून रस्ता पुरा झाला. त्या दिवशी वसंतराव साइटवर नव्हते.

दोन वर्षांत रस्त्यावर जाळीसारख्या भेगा पडल्या. चौकशी लागली आणि ती वसंतरावांकडे आली. त्यांनी रस्त्यात नळी घालून नमुने काढले. थर सैल भरला, पुरेसा दाबलेला नव्हता. टँकरमधल्या डांबराचा जुना दाखला उत्तम होता. साइटच्या वहीत रोलर थांबल्याची नोंद होती आणि हेमराजचा सहीचा जबाब होता, ‘मुकादमाने रोलर पंधरा मिनिटे अडवला.’ या तीन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष लिहिला: माल थंड झाल्यावर दाबला गेला, म्हणून थर सैल राहिला, दोष थर घालणाऱ्या टोळीचा. अहवाल अडीच पानांचा होता आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. नमुन्यातल्या खडीवरचे डांबर वेगळे काढून त्यांनी तपासले नव्हते. ते काम किचकट. अहवालाची घाई होती. आणि टँकरचा दाखला तर फाइलमध्ये होताच.

त्यानंतर उखाला कोणत्याही कंत्राटदाराने उभे केले नाही. टोळी फुटली. उखा साठीच्या उंबरठ्यावर पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसू लागला. बापलेकांत त्या जबाबावरून जे वाजले ते वाजलेच. आपले नाक आपल्याच पोराने खोटे पाडले, असे उखा म्हणाला. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगितले, बाकीचे कागदाने सांगितले, असे हेमराज म्हणाला. आणि बायकोपोरीला घेऊन तो पलसाण्याकडे राहायला गेला. अकरा वर्षांत त्याने बमरोलीच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही.

“आबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, सर,” हर्षदा सांगत होती. ती स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा झालेली होती आणि एका कंत्राटदाराकडे नकाशे काढीत होती. “डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पप्पांना मी हात जोडले, एकदा या म्हणून. ते म्हणतात, माझी सही खरी आहे. ती ज्या कागदाला चिकटलीय त्याच्या विरुद्ध दुसरा कागद आण, मी त्या मिनिटाला येतो.”

“आणि उखा?”

“आबा म्हणतात, खांबेटे साहेब माणूस खोटा नाही. त्यांनी तळाशी पाहिलं नाही, एवढंच.”

वसंतरावांनी आता तुकडा उचलला आणि राखाडी बाजूची कड अंगठ्याने दाबली. दगडासारखी. त्यात नवल नव्हते. डांबर म्हातारे होते. हवेतला प्राणवायू त्याला वर्षानुवर्षे आतून घट्ट करीत जातो, त्यातले हलके तेल उडून जाते, आणि जे एकेकाळी चाकाखाली वाकून पुन्हा सरळ होई ते एक दिवस वाकण्याऐवजी तुटते. पण हे म्हातारपण वरून येते, उन्हाच्या आणि हवेच्या बाजूने. चार बोटे खाली, जिथे दोन्ही पोहोचत नाहीत, तिथे ते फार सावकाश उतरते. त्यांनी तुकडा उलटा केला. काळ्याभोर तळाची कड दाबली, मग बोटांत धरून मोडली.

काचेसारखा आवाज झाला.

“तुझ्या आबांना सांग, तपासतो,” ते म्हणाले.

तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी ते आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथला प्रमुख नितीन त्यांच्याच हाताखाली शिकला होता. सरांसाठी त्याने एक टेबल रिकामे करून दिले आणि “सर, मुलांना सांगतो, ती करतील,” असेही म्हणाला. वसंतरावांनी नकारार्थी मान हलवली. तुकड्याचे वरचा आणि तळाचा असे दोन काप त्यांनी स्वतः केले. डांबर विरघळवायचे, खडी आणि धूळ गाळून टाकायची, मग द्रावण उडवून निव्वळ डांबर परत मिळवायचे, ते वाटीत ओतून पंचवीस अंशांच्या पाण्यात ठेवायचे आणि शंभर ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद त्यावर सोडायची. सुई किती शिरते तेवढे ते डांबर मऊ. मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजायचे. नव्याला पन्नासच्या आसपास भरते, रस्त्यावर पडेपर्यंत पस्तीस-चाळीस होते. दहा वर्षांनी वरच्या अंगाला पंधरा, तळाला मात्र अजून तिसाच्या आगेमागे असायला हवे.

गुरुवारी दुपारी आकडे आले. वरचे तेरा. तळाचे चौदा.

नितीनने सुईकडे पाहिले, मग सरांकडे. “हे तर रस्त्यावर यायच्या आधीच जळालंय, सर.”

“घाई करू नकोस,” वसंतराव म्हणाले. “थर सैल होता हे माझ्याच अहवालात आहे. सैल थरातून हवा तळापर्यंत गेली असेल. तसं असेल तर दोष पुन्हा रोलरवर येतो. उखावर.”

शंका खोटी नव्हती. ती दूर करण्याचा रस्ताही त्यांनी तिथल्या तिथे आखला. बमरोलीत त्याच दुपारच्या मालाचा एक पट्टा वर्षभरातच पदपथाच्या काँक्रिटखाली गेला होता. तिथे ऊनवारा पोहोचणे शक्य नव्हते. त्याचा तळही कडक निघाला तर डांबर आधीच मेलेले होते. आणि आदल्या दिवशीच्या मालाचा एक तुकडा हवा, त्याच टोळीने, त्याच रोलरने दाबलेला. तो मऊ निघाला तर टोळीच्या कामात खोट नव्हती.

गुरुवारी चार वाजता ते रिक्षाने बमरोलीला गेले. खणलेल्या चरातून मजुराकडून दोन तुकडे काढून घेतले, प्रत्येकावर खडूने खूण केली. मागच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मजूर ओरडून म्हणाला, “काका, घर बनाना है क्या इससे?” वसंतराव हसले. समोरच गल्ली होती. कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपासून चौथी खोली उखाची, हे त्यांना ठाऊक होते. ते गादीपर्यंत गेलेही. खोलीचे दार उघडे होते, आत खाटेचा पाय आणि त्यावरून लोंबणारी गोधडीची कड दिसत होती. रिकाम्या हाताने काय जायचे, असे त्यांच्या मनात आले. दोन दिवसांनी पुरा कागद घेऊनच जाऊ. ते परत फिरले.

शुक्रवारी चार वाजता पदपथाखालच्या तुकड्याचा आकडा आला. तळ, पंधरा.

त्यांनी सुई पुसली, पुन्हा सोडली. पंधरा. तिसऱ्यांदा सोडली. पंधरा. मग खुर्ची ओढून बसले. थर सैल का राहिला याचेही उत्तर आता समोर होते: डांबर इतके ताठ होऊन आले होते की गरम असतानाही ते रोलरखाली दबले नसते. उखाने रोलर पंधरा मिनिटे अडवला काय आणि न अडवला काय. ज्या घटनेला त्यांनी कारण ठरवले होते, ती कारण नव्हतीच. तो माणूस रस्ता वाचवायला पुढे उभा राहिला होता, आणि त्याचे ते उभे राहणेच त्यांनी पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध लिहिले होते.

त्यांनी हर्षदाला फोन लावला.

“दुसऱ्याचंही आलं. पंधरा.”

“म्हणजे आबा खरे?”

“तसं दिसतंय.”

“दिसतंय नको ना, सर. खरे ना?”

“एक तुकडा अजून बाकी आहे. उद्या दुपारपर्यंत—”

“सर, आज या. आत्ता. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मी पप्पांना बोलावते, तुम्ही फक्त तोंडानं सांगा.”

“तोंडाच्या बोलण्यावर ते येणार नाहीत, असं तूच म्हणालीस.”

“तुमच्या तोंडावर येतील! कागद तुमचाच होता ना?”

“हर्षदा, अर्धवट पुराव्यावर मी एकदा सही केली आहे. त्याचं काय झालं ते तुझ्या घरानं भोगलं. पुन्हा तसं करणार नाही. उद्या सगळं हातात असेल. तुझ्या वडिलांना बोट ठेवायला जागा राहणार नाही असा कागद देतो.”

“बरं, सर,” ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यांनी सुलभाताईंना सगळे सांगितले. त्या भाजी निवडत ऐकत होत्या.

“मग तिसरा तुकडा कशाला?”

“टोळीचं काम चोख होतं, हे त्यानं सिद्ध होतं.”

“ते कोणाला हवंय?”

“अहवालाला.”

“तुम्हाला उखाला सांगायचंय की परीक्षेला बसायचंय?” सुलभाताई म्हणाल्या. “चहात साखर घातली की नाही हेसुद्धा तुम्ही दोनदा विचारता. रिक्षा करा आणि जा.”

“उद्या,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ठाम होता. इतकी वर्षे चुकलेल्या माणसाला या वेळी चुकायचे नव्हते.

शनिवारी ते सातलाच प्रयोगशाळेत हजर झाले. सवयीप्रमाणे फोन पिशवीत आणि पिशवी बाहेरच्या कपाटात. आदल्या दिवशीच्या मालाचा तुकडा त्यांनी रात्रभर द्रावणात ठेवला होता. गाळणे, उडवणे, ओतणे, दीड तास पाणी. साडेबाराला सुई सोडली. वरचे सतरा. तळाचे एकोणतीस.

“एकोणतीस!” नितीन जवळजवळ ओरडलाच. “सर, तेरा वर्षांनी तळ एकोणतीस! त्या मुकादमाचं काम किती सुंदर असेल बघा.”

वसंतरावांनी आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि त्यांना फार वर्षांनी भूक लागल्यासारखे वाटले. अहवाल टाइप करायला सांगून ते कपाटापाशी गेले. फोनवर हर्षदाचे नऊ फोन येऊन गेलेले होते. पहिला सात वाजून वीस मिनिटांनी.

त्यांनी उभ्यानेच फोन लावला.

“आता राहू द्या, सर,” ती म्हणाली. “आम्ही घाटावर आहोत.”

नितीनला त्यांनी काय सांगितले ते त्यांना नंतर आठवले नाही. तो सज्जन मुलगा. थोड्या वेळाने तो छापलेली पाने घेऊन जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, तिन्ही चाचण्यांना मी एकच तारीख टाकू का? शनिवारची? अहवाल शनिवारीच पुरा झाला ना. त्यात खोटं काही नाही.”

वसंतराव त्या पानाकडे पाहत राहिले. एका ओळीचा प्रश्न होता. शुक्रवारी दुपारीच उत्तर हाती आले होते, हे कोणाला कळले नसते. हर्षदा बोलली असती का, कोण जाणे. आणि बोलली असती तरी फोनवरच्या दोन वाक्यांना पुरावा कोण म्हणतो.

“ज्या दिवशी जी झाली ती तारीख,” ते म्हणाले. “वेळही घाल.”

सोमवारी सकाळी ते आणि सुलभाताई बमरोलीला दारावर गेले. खानदेशात दुःखाच्या घरी भेटायला जाणे म्हणजे दारावर जाणे. गल्लीत सतरंज्या अंथरल्या होत्या, पुरुष बाहेर बसले होते, बायका आत. यंत्रमाग शेजारी चालूच होते. हेमराज भिंतीला टेकून बसला होता, खांद्यावर पांढरा पंचा, बापासारखेच रुंद कपाळ. रस्त्याच्या कामाने काळवंडलेले त्याचे हात मांडीवर नुसते पडले होते. सुलभाताई आत गेल्या. वसंतरावांनी त्याच्यासमोर बसून पाकीट पुढे केले.

“हा तू मागितलेला कागद,” ते म्हणाले. “उशीर झाला.”

हेमराजने कागद काढला. तो सावकाश वाचणारा माणूस होता. ओळीखाली बोट धरून वाचत गेला. मध्येच त्याने विचारले, “साहेब, मी तेव्हा सांगितलं ते खोटं होतं का?”

“नाही. रोलर थांबला होता. तू खरंच सांगितलंस. त्यातून मी जो अर्थ काढला तो खोटा होता. डांबर प्लांटवरच जळालं होतं. तुझे वडील बरोबर होते आणि त्यांच्या टोळीचं काम उत्तम होतं.”

हेमराजने पंचा तोंडावर दाबला. शेजारचा म्हातारा त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. बऱ्याच वेळाने त्याने पंचा खाली घेतला, पुन्हा कागद धरला आणि त्याचे बोट खालच्या तक्त्यावर आले. तिथे ते थांबले.

“शुक्रवार,” तो म्हणाला. “दुपारी चार.”

“हो.”

“तेव्हा तुम्हाला कळलं होतं?”

“तेव्हा काही शंका राहिली नव्हती. मी तिसऱ्या तुकड्यासाठी थांबलो.”

“आबा शनिवारी सकाळी गेले.”

“हो.”

“शुक्रवारी चारला मी पलसाण्याला होतो. साइटवर. फोन चालू होता.” हेमराज हे आरोप केल्यासारखे म्हणाला नाही, आकडे जुळवून पाहावेत तसे म्हणाला. “गाडीनं अर्धा तास. ट्रॅफिक धरून पाऊण.”

वसंतरावांनी उत्तर म्हणून बरेच काही जुळवून आणले होते. सैल थर, हवा, अर्धवट पुरावा. ते सगळे त्यांनी तिथेच सोडून दिले. आतून उखाची बायको सरलाबाई दारापर्यंत आली होती. तिने ऐकले होते. डोक्यावरचा पदर नीट करीत ती हेमराजला म्हणाली, “शुक्कीरवारे सांजपावत दार लावू दिन्हं नही त्यास्नी. पोऱ्या ई ऱ्हायना, म्हने.”

पोरगा येतोय म्हणून संध्याकाळपर्यंत दार उघडे. हर्षदा आजीच्या मागे उभी होती. ती वसंतरावांकडे पाहत नव्हती.

वसंतराव उठायला लागले. आपण इथे बसणे या माणसांना जड होत असेल, असे त्यांना वाटले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि पाचसहा जण उतरले. त्यांत एक ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. आत बायकांचा आक्रोश पुन्हा सुरू झाला.

“बसा, साहेब,” हेमराज म्हणाला.

“तुमच्या लोकांत मी कशाला—”

“बसा.” त्याने कागद परत त्यांच्या हातात दिला. “हे धुडकूकाका. आबांच्या टोळीत दाताळं धरायचे. त्या दिवशी होते. नंतर अकरा वर्षं हमाली केली. हे मगनभाऊ पण होते. यांना वाचून दाखवा.”

“तू सांग ना,” वसंतराव हलकेच म्हणाले.

“मी सांगितलेलं त्यांनी एकदा ऐकलंय,” हेमराज म्हणाला.

धुडकू समोर येऊन बसला. वसंतरावांनी चष्मा बदलला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळी त्यांच्या नेहमीच्या भाषेत होत्या, नमुना क्रमांक, जाडी, पद्धत. माणसे समजत नसतानाही मान हलवीत होती. मग त्यांनी कागद खाली केला आणि साध्या शब्दांत सांगितले. त्या दिवशीचा माल मेलेलाच आला होता. उखाने ते ओळखले होते. त्याच्या टोळीने दाबलेला आदल्या दिवशीचा रस्ता अजून तळाशी जिवंत आहे. दोष कोणाचा, हे मी चुकीचे लिहिले.

“आमी सांगत व्हतो ना,” धुडकू म्हणाला. तो कोणाकडे पाहून म्हणाला नाही. त्याने खाली मान घालून सतरंजीचा एक धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मगन उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्यानंतर मिलमधले दोघे आले. मग शेजारच्या गल्लीतले. दर वेळी हेमराज फक्त मान वर करी आणि वसंतराव वाचत. अकराच्या सुमारास सुलभाताई बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिले आणि घरी चला असे न म्हणता पाण्याचा पेला त्यांच्याजवळ ठेवून परत आत गेल्या.

“बाराच्या गाडीनं गावाकडचे येतील,” हेमराज म्हणाला. “शिंदखेड्याहून. तिथं आबांची मान खाली गेली होती, साहेब. लग्नाकार्याला जात नव्हते ते.”

“थांबतो,” वसंतराव म्हणाले.

गाडी उशिरा आली. ती माणसे गल्लीत शिरली तेव्हा दीड वाजून गेला होता. तीसेक तरी असतील, बायकांनी वळणावरूनच हंबरडा फोडला, आणि बराच वेळ दुसरे काही ऐकू येणे शक्य नव्हते. वसंतराव कागद धरून थांबले. त्यांचे गुडघे दुखत होते. आवाज ओसरला, पुरुष सतरंजीवर टेकले, आणि हेमराजने ओळख करून दिली, “हे लॅबवाले खांबेटे साहेब. ऐका.”

या वेळी ते उभे राहिले. नमुने सांगितले, आकडे सांगितले, उखाचे म्हणणे सांगितले, स्वतःची चूक सांगितली. आधीच्या खेपांना ते इथेच थांबले होते. खालच्या तक्त्यातल्या तारखा कोणी विचारल्या नव्हत्या आणि हेमराजनेही पुन्हा काढल्या नव्हत्या. त्यांनी पान जवळ धरले.

“दुसऱ्या नमुन्याची चाचणी,” त्यांनी वाचले, “शुक्रवार, दुपारी चार वाजता पूर्ण झाली. त्या वेळी उखा मुकादम जिवंत होते.”

दुसरे वाक्य कागदावर नव्हते. यंत्रमागांच्या आवाजात ते मागच्यांना ऐकू गेले नसेल असे वाटून त्यांनी ते पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटले.